पन्नास पळतंय, पण वायर पाच अँपिअरची

मोटर खोलून पुन्हा बसवणाऱ्या हातांची बेळगावात वाण नाही. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीनं अशा हातांच्या पिढ्या घडवल्या. त्यामुळे बिनानंबरप्लेटची ई-बाईक घेतली की कुणीतरी सांगतंच, ‘वेग अडवणारी एक वायर काढायची, पन्नास पळतंय बघा की!’ पळतेही. आत काय होतं, ते मात्र दिसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असलेली, मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेली गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही. नियम केंद्राचा, त्यामुळे कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलात शिरलं तरी तोच. (सीमेच्या दोन्ही अंगांना सारखी असलेली गोष्ट तशी विरळाच.)

हे 250 वॅट म्हणजे मोटर सलग तीस मिनिटं देऊ शकेल ती शक्ती. क्षणभर ती दुप्पटही देते, त्यावरूनच ‘कंपनीनं ताकद दाबून ठेवलीय’ हा समज पसरतो. वैताग खोटा नाही. माणूस धरून 120 किलो वजन आणि शंभर मीटरला पाच मीटरचा चढ असेल, तर 250 वॅटवर गाडी ताशी बारा-तेरा किलोमीटरनंच चढते. वंटमुरी घाटात हे सोसवत नाही.

पण 48 व्होल्टच्या बॅटरीतून 250 वॅट घ्यायला साधारण 5 अँपिअर पुरतात, ताकद वाढवून 1000 वॅट घेतले तर 21 लागतात. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह चौपट, उष्णता सोळापट, आणि तार तीच! आधी कनेक्टरचं प्लॅस्टिक मऊ पडतं, मग मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांवरचा, म्हणजे वाइंडिंगवरचा, इनॅमलचा लेप जळतो. मोटरमधल्या चुंबकांचा जोरही अती उष्णतेनं कायमचा ओसरतो.

बॅटरीचं दुखणं याहून वाईट. प्रवाह हद्दीबाहेर गेला की आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. ‘गाडी मधेच बंद पडते’ म्हणून तेच बायपास केलं, तर तापलेल्या सेलला आवरणारं कुणी उरत नाही. एक सेल पेटला की शेजारच्यालाही घेऊन जातो. 2022 मध्ये देशात ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. पण चाचणी होते ती मूळ गाडीची.

ब्रेकचं गणितही वर्गाचंच. कोरड्या रस्त्यावर बरे ब्रेक लागले तर 25 च्या वेगाला सुमारे 5 मीटर पुरतात, 50 ला 19. शिवाय ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी 14 मीटर पुढे गेलेली असते. खडे बाजारात एवढी मोकळी जागा कुठली?

वेग वाढवल्याक्षणी सवलत जाते. नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं. नववी-दहावीतल्या पोरानं अशी गाडी चालवली, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेवटचं, खानापूर-जांबोटीकडच्या पावसाचं. मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर एकदा उघडला की त्याचं मूळ सील पुन्हा तसं बसत नाही, वरून काळी टेप गुंडाळतात. पाणी शिरून आतले ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले की मोटरच ब्रेकसारखी वागू लागते. स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवून पाहा. अडखळत, जड फिरत असेल, तर गाडी ढकलतच घरी न्या.