लष्करी विमानांची देखभाल व दुरुस्ती : भारतातील नोकऱ्या

लढाऊ व वाहतूक विमाने, हेलिकॉप्टरे, त्यांची इंजिने, शस्त्रे आणि विद्युत्-इलेक्ट्रॉनिक उपकरणे उड्डाणयोग्य ठेवण्याचे काम. भारतात ते तिन्ही सेनादलांचे तंत्रज्ञ आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) ही सार्वजनिक कंपनी मिळून करतात. नाव दुरुस्तीचे असले तरी तंत्रज्ञाचा बराचसा दिवस तपासण्यात आणि केलेल्या कामाची नोंद करून खाली सही करण्यात जातो. विमानाच्या नोंदवहीत सही नसेल तर काम झालेलेच नाही, असे धरले जाते.

या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे. नाशिकजवळ ओझर येथे एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. पुढे तेथेच सुखोई-३० एमकेआय बांधले गेले, आणि नाशिकच्या जुळणीमालिकेतून तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. ओझरलाच ११ बेस रिपेअर डेपो आहे. लढाऊ विमाने संपूर्ण उघडून पुन्हा बांधणारा हवाई दलाचा हा डेपो मिग-२९ आणि सुखोई-३० हाताळतो.

कामाचे स्तर. पहिला स्तर धावपट्टीलगतचा, म्हणजे स्क्वाड्रनचा. उड्डाणापूर्वीची तपासणी, दोन उड्डाणांमधली झटपट तपासणी आणि दिवसातील शेवटच्या उड्डाणानंतरची तपासणी येथे होते : इंधन, तेल, टायरमधील नायट्रोजनचा दाब, ब्रेकची झीज, हायड्रॉलिक गळती, आणि संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाच्या सुरक्षा-पिना. दुसऱ्या स्तरावर ठरावीक उड्डाणतासांनंतर विमान हँगरमध्ये घेऊन पॅनेल उघडतात, इंजिन उतरवतात. त्यापुढचा स्तर डेपो किंवा एचएएलचा. सुखोई-३० ला १५०० उड्डाणतास किंवा १४ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा ओव्हरहॉल करावा लागतो. रंग उतरवणे, सांगाड्याची भेगांसाठी तपासणी, वायरिंग बदलणे, सुटे भाग त्यांच्या उरलेल्या आयुष्यानुसार ठेवणे किंवा बाद करणे, आणि शेवटी चाचणी उड्डाण असा हा क्रम असतो.

भरती. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून शिरण्याची सध्याची वाट म्हणजे २०२२ पासूनची अग्निवीर वायू ही चार वर्षांच्या सेवेची योजना. वय साडेसतरा ते एकवीस. बारावीला गणित, भौतिकशास्त्र व इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के. किंवा तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका. वेतन पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, सरकार तेवढीच भर घालते आणि चार वर्षांनी सुमारे १० लाख रुपये व वर व्याज हाती येते. कायम सेवेत जास्तीत जास्त २५ टक्के घेतले जातात. प्राथमिक प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्याला होते. तांत्रिक कामाच्या दृष्टीने चार वर्षे थोडीच. त्यातला काही काळ शिकण्यात जातो आणि एका प्रकारच्या विमानावर हात बसेपर्यंत मुदत सरत आलेली असते. कायम झालेले एअरमन प्रोपल्शन, स्ट्रक्चर्स, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, वेपन अशा ‘फिटर’ शाखांत विभागलेले असतात.

अभियंत्यांसाठी एफकॅट ही हवाई दलाची अधिकारी-भरतीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय २० ते २६. निवड झालेले अधिकारी हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दल अकादमी आणि बंगळूरच्या जालहळ्ळीतील एअर फोर्स टेक्निकल कॉलेज येथे शिकतात व एरोनॉटिकल इंजिनिअर (मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स) शाखेत जातात. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतूनही तांत्रिक शाखेत जाता येते. गणवेशाशिवाय काम करायचे असेल तर आयटीआयच्या फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांसाठी ओझरच्या एचएएलमध्ये शिकाऊ उमेदवारी असते. हवाई दलाचीही तेथे वेगळी शिकाऊ शाळा आहे.

हाताचे काम व नेहमीच्या चुका. बोल्ट किती आवळायचा हे तांत्रिक पुस्तकात दिलेले असते, पण अडचणीच्या जागी टॉर्क रेंचला (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याला) पुढे जोडतुकडा लावला की आकडा बदलतो. रेंचची लांबी ३०० मिमी. आणि त्याच रेषेत जोडतुकडा ७५ मिमी. असेल, तर ५० न्यूटन-मीटर हवे असताना रेंच ४० वर लावायचा (५० × ३०० ÷ ३७५). तो ५० वरच ठेवला तर बोल्टला साडेबासष्ट बसतात. आटे ताणले जातात आणि बोल्ट त्या दिवशी नाही, काही महिन्यांनी तुटतो. बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेचे, लॉक-वायरचेही तसेच. तार बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढणारी हवी. उलट बांधली तर ती फक्त दिसायला असते. ०.८ मिमी. तारेला इंचाला ६ ते ८ पीळ पुरतात. जास्त पिळली तर ती ठिसूळ होऊन कंपनाने तुटते. काढलेली तार पुन्हा वापरत नाहीत. उड्डाण-नियंत्रणाच्या दांड्यांवर काम झाले की दुसऱ्या अधिकृत तंत्रज्ञाने स्वतंत्र तपासणी करून सही करायची असते, आणि ती पहिल्याच्या शब्दावर होत नाही.

हायड्रॉलिक नळीत दर चौरस सेंमी.ला २०० किलोपेक्षा जास्त दाब असतो. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत घुसते. म्हणून गळती हाताने चाचपत नाहीत, पुठ्ठा फिरवून शोधतात. रशियन विमानांतले एएमजी-१० तेल लाल असते, त्यामुळे डाग निदान लवकर कळतो.

इंजिनाचा मोठा शत्रू म्हणजे सुटी वस्तू. सुखोईच्या हवाद्वारात जमिनीवर असताना वर येणारी जाळी असते, तरी सकाळी ओळीने चालत खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचण्याची पद्धत चुकत नाही. अवजारे आकार कापलेल्या फळीवर ठेवतात. एक खाच रिकामी दिसली तर अवजार सापडेपर्यंत विमान सोडले जात नाही. वरिष्ठांची कितीही घाई असली तरी.

इंजिनाची प्रकृती तेलावरून कळते. तेलात लोह वाढले की बेअरिंग किंवा गिअर झिजत आहे, असे समजून नमुने पुन्हा घेतात. सुखोईच्या एएल-३१एफपी इंजिनांबाबत हे प्रकर्षाने दिसले : बेअरिंगच्या पृष्ठभागाचे सूक्ष्म कण तेलात उतरत होते. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये सांगितल्याप्रमाणे, २०१२ पासून तपासलेल्या ६९ बिघाडांपैकी ३३ बेअरिंगमुळे झाले होते. त्यानंतर तेलाची तपासणी ५० ऐवजी २५ तासांवर आणली गेली.

नौदल व भूसेना. गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरील मिग-२९के विमानांना वेगळा त्रास आहे तो खाऱ्या हवेचा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असेल तेथे गंज आधी धरतो, आणि तोही रंगाखालून. म्हणून विमान गोड्या पाण्याने धुणे आणि सांधे तपासणे हे रोजच्या कामातच येते. नौदलाचे हवाई तंत्रज्ञ कोचीत शिकतात. भूसेनेच्या हेलिकॉप्टरांची देखभाल ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिक अभियंते) कोअरकडे असून तिचे प्रशिक्षण सिकंदराबादला होते.

सेवेनंतर. नागरी विमानांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. यांत्रिक बाजूसाठी बी१, इलेक्ट्रॉनिक बाजूसाठी बी२. लष्करी अनुभव धरला जातो, पण विषयवार परीक्षा चुकत नाहीत आणि नागरी विमानांवरचा जादा अनुभवही दाखवावा लागतो. त्यामुळे जाणकार सेवेत असतानाच परीक्षांचे विषय एकेक करून सोडवू लागतात व आपल्या कामाची तारीखवार, सही-शिक्क्याची नोंद ठेवतात. निवृत्तीनंतर जुन्या युनिटकडून असे दाखले मिळवताना महिने जातात. नागपूरच्या मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांचे दुरुस्ती केंद्र आहे. तेथे किंवा विमान कंपन्यांत परवान्याशिवाय मिळणारे काम मदतनिसाच्या दर्जाचे असते.