क्लॉकवर्क ऑरेंज, अ

अँटनी बर्जेस (१९१७–९३) या इंग्रज लेखकाची १९६२ साली प्रसिद्ध झालेली डिस्टोपियन (भविष्यातील भयावह समाजाचे चित्र रंगवणारी) कादंबरी आणि तिच्यावरून स्टॅन्ली कुब्रिक (१९२८–९९) यांनी १९७१ मध्ये केलेला त्याच नावाचा चित्रपट. नजीकच्या भविष्यातील इंग्लंडमध्ये मारझोड, लूटमार व बलात्कार यांत रमणारा आणि त्याच तन्मयतेने बेथोव्हनचे संगीत ऐकणारा पंधरा वर्षांचा अ‍ॅलेक्स आपली हकिगत स्वतःच सांगतो. खुनाबद्दल तुरुंगात गेल्यावर त्याच्यावर ‘लुडोव्हिको’ नावाचा सरकारी उपचार होतो. मळमळ आणणारे औषध टोचून त्याला हिंसेची दृश्ये दाखवत राहतात, आणि पंधरवड्यात त्याची अशी अवस्था होते की हात उगारण्याचा विचार मनात येताच त्याच्या पोटात ढवळते. असा माणूस चांगला झाला की केवळ निरुपद्रवी झाला, हा तुरुंगातील पाद्र्याला पडलेला प्रश्न कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे.

शीर्षक : याच्या मुळाबद्दल एकवाक्यता नाही, आणि बर्जेस यांची वेगवेगळ्या वेळची विधानेच त्याला कारण झाली आहेत. ‘क्लॉकवर्क’ म्हणजे चावीवर चालणारे यंत्र आणि ‘ऑरेंज’ म्हणजे संत्रे, एवढा अर्थ उघड आहे. एका खुलाशानुसार १९४५ च्या सुमारास लंडनमधील एका पबमध्ये ‘क्लॉकवर्क ऑरेंजइतका विचित्र’ ही कॉकनी (लंडनच्या पूर्व भागातील कामगारवर्गाच्या) बोलीतील उपमा त्यांच्या कानावर पडली होती. मात्र कादंबरीपूर्वीच्या छापील मजकुरातून तिचा खात्रीलायक दाखला पुढे आलेला नाही. दुसरा खुलासा मलायी भाषेकडे नेतो. बर्जेस १९५४ पासून काही वर्षे मलायात शिक्षक होते आणि मलायीत ‘ओरांग’ म्हणजे माणूस (ओरांगउटान म्हणजे वनमानव, यातील पहिले पद तेच). त्या हिशेबाने शीर्षकाचा अर्थ ‘चावीचा माणूस’ असा होतो. हे केवळ ध्वनिसाम्य आहे, व्युत्पत्तीचे नाते नव्हे; इंग्रजी ‘ऑरेंज’ हा शब्द फ्रेंच, अरबी व फार्सी असा मागे मागे जात ज्या ‘नारंग’ला पोहोचतो, त्याच्यापासूनच मराठी ‘नारिंग’ आले आहे. तिसरा आधार खुद्द कादंबरीत आहे. अ‍ॅलेक्सची टोळी ज्या लेखकाच्या घरात घुसते, त्याच्याकडे याच नावाचे टंकलिखित सापडते. वाढण्याची आणि गोडव्याची क्षमता असलेल्या माणसावर यंत्राला शोभणारे कायदे लादण्याचा निषेध, हा त्या टंकलिखिताचा विषय. पबमधील उपमा खरोखर प्रचारात असो वा नसो, संहितेतील हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते, आणि मलायी श्लेष त्याला पूरक ठरतो.

भाषा : कादंबरीचे खरे सामर्थ्य अ‍ॅलेक्सच्या बोलीत आहे. ‘नॅडसॅट’ हे तिचे नाव रशियनमध्ये अकरा ते एकोणीस या संख्यांच्या शेवटी येणाऱ्या घटकावरून घेतले आहे. मराठीतील अकरा, बारा, तेरा, पंधरा यांमधला ‘रा’ हा संस्कृत ‘दश’चा अवशेष जसा, तसाच तोही ‘दहा’चा अवशेष. बर्जेस यांनी १९६१ मध्ये लेनिनग्राडला भेट दिली होती आणि त्या सुमारास ते रशियन शिकत होते. चालू काळातील पोरांची खरी बोली वापरली तर पुस्तक लवकरच शिळे होईल, ही त्यांची धास्ती होती. म्हणून त्यांनी सुमारे दोनशे शब्दांची स्वतंत्र बोली रचली. तिची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. रशियन ‘खोरोशो’ म्हणजे छान. त्याचे येथे ‘हॉररशो’ होते. एखाद्याला हॉररशो बदडला म्हणजे झकास बदडला, पण इंग्रजी कानाला त्यातून भयाचा खेळ ऐकू येतो. ‘लोक’ या अर्थाच्या ‘ल्यूदी’चे ‘ल्यूडीज’ होते आणि इंग्रजी ‘ल्यूड’मधील (कामुक) वास त्याला चिकटतो. ‘स्तारी’ म्हणजे म्हातारा. अ‍ॅलेक्स वाटेत गाठून मारतो त्या म्हाताऱ्यांना इंग्रजी ‘स्टार’ची चमक लाभते. ‘ब्रॅटी’ म्हणजे भाऊ, हे तर ‘भ्राता’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला सांगावेही लागत नाही.

पहिल्या आवृत्तीत शब्दार्थांची सूची नव्हती. अमेरिकेत समीक्षक स्टॅन्ली एडगर हायमन यांनी केलेली सूची पुढे जोडली गेली, तिने लेखकाच्या हेतूवर पाणी पडले असे म्हणणे भाग आहे. सूचीविना वाचताना पहिली काही पाने अडखळायला होते, मग शब्द अंगवळणी पडतात आणि मारहाणीचे वर्णन आपण सहज, जवळजवळ चवीने वाचू लागतो. म्हणजे वारंवारतेच्या जोरावर वाचकावरही एक लुडोव्हिको उपचार झालेला असतो. हे ध्यानात येते तो क्षण विलक्षण अस्वस्थ करणारा आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते कादंबरीची थोरवी तेथेच आहे. मुंबईच्या वाचकाला येथे भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) आठवणे स्वाभाविक आहे. तिच्यातही नाक्यावरचा पोरगाच, म्हणजे पोक्या, निवेदक आहे, आणि तिच्यावरही अश्लीलतेचा आरोप झाला. तथापि पाध्ये यांनी गल्लीत कानावर पडणारी बोली कागदावर आणली, तर बर्जेस यांनी कोठेच न बोलली जाणारी बोली घडवली. साम्य निवेदनाच्या तऱ्हेत आहे, भाषेच्या घडणीत नाही.

एकविसावे प्रकरण : कादंबरी प्रत्येकी सात प्रकरणांच्या तीन भागांत आहे, एकूण एकवीस, कारण एकवीस हे तेव्हा सज्ञानतेचे वय होते. अखेरच्या प्रकरणात अठरा वर्षांच्या अ‍ॅलेक्सला मारामारीचा आपसूक कंटाळा येतो आणि आपल्यालाही बायको-मूल असावे असे वाटू लागते. १९६३ च्या अमेरिकन आवृत्तीतून हे प्रकरण वगळले गेले आणि तेथे ते १९८० च्या दशकात परत आले. प्रकाशकाने अट घातली म्हणून ते गेले, असे बर्जेस पुढे सांगत. प्रकाशनसंस्थेच्या संपादकाची आठवण मात्र निराळी होती. मूळ टंकलिखितात विसाव्या प्रकरणाच्या शेवटी, येथेच थांबावे काय, अशा आशयाची बर्जेस यांची टीप आहे, त्यावरून लेखकाचे मन आरंभी तरी द्विधा असावे. वगळलेला शेवट कठोर आणि कलादृष्ट्या घट्ट आहे, हे मान्य करूनही पूर्ण पाठ अधिक पटतो : सुधारणा बाहेरून लादता येत नाही, ती वाढीतून येते, हे शीर्षकातील फळाचे सूत्र तेथेच पुरे होते.

चित्रपट : कुब्रिक यांनी अमेरिकन पाठ प्रमाण मानला आणि एकविसावे प्रकरण त्यांना न पटणारे वाटले. चित्रपटाचा आरंभ अ‍ॅलेक्सच्या (माल्कम मॅकडॉवेल) चेहऱ्यावर होतो. एका डोळ्याला खोट्या पापण्यांची झालर, नजर रोखलेली, आणि कॅमेरा सावकाश मागे सरकत दूधगुत्त्याचा, म्हणजे टोळी जेथे अमली पदार्थ मिसळलेले दूध पिते त्या अड्ड्याचा, लांबलचक दिवाणखाना उघड करतो. पुस्तकात हिंसेवर भाषेचा पडदा आहे; पडद्यावर ती दिसणारच, तेव्हा त्या आडोशाचे काम कुब्रिक यांनी संगीताकडे सोपवले. घरावरील हल्ल्यात अ‍ॅलेक्स ‘सिंगिंग इन द रेन’ हे आनंदी गाणे गातो. कादंबरीत ते नाही. मॅकडॉवेल यांना ते तालमीत सुचले. उपचाराच्या दृश्यात पापण्या चिमट्यांनी ताणून धरलेल्या आहेत आणि शेजारचा माणूस डोळ्यांत थेंब सोडत राहतो. तो खराखुरा डॉक्टर होता, तरीही मॅकडॉवेल यांच्या बुबुळाला ओरखडा गेला. कादंबरीत अ‍ॅलेक्सला सर्वच अभिजात संगीत असह्य होते, चित्रपटात केवळ बेथोव्हनची नववी सिंफनी; हा बदल नेमका आणि परिणामकारक आहे. चित्रपटाला ऑस्करची चार नामांकने मिळाली.

मुंबई : १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी येथील मराठी प्रेक्षकाला जागतिक चित्रपट पाहण्याची सवय लावली. ब्रिटनमध्ये हा चित्रपट जानेवारी १९७२ मध्ये लागला आणि वाद पेटला. त्याच वर्षी मुंबईत विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरची कात्री आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. सेन्सॉरने चित्रपट प्रौढांसाठी संमत केला होता, पण गुन्ह्यांशी त्याचा संबंध जोडला जाऊ लागल्यावर खुद्द कुब्रिक यांच्या इच्छेनुसार तो मागे घेण्यात आला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर २००० साली तेथे पुन्हा प्रदर्शित झाला.