सागाचे चिरकाम व वाळवण

सागाच्या (टेक्टोना ग्रँडिस) ओंडक्याच्या फळ्या पाडून त्यांतील पाणी कमी करण्याची प्रक्रिया. ‘साग’ हा शब्द संस्कृत ‘शाक’वरून आला. इंग्रजी ‘टीक’ मल्याळम ‘तेक्कु’वरून, पोर्तुगीजमार्गे रूढ झाला.

सागाची वाळवण ब्रह्मदेशात झाड उभे असतानाच सुरू होई. बुंध्याभोवती रसकाष्ठ (सालीलगतचे, पाणी वाहून नेणारे लाकूड) पूर्ण तुटेल अशी गोल खाच घेत आणि झाड दोन-तीन वर्षे जागेवरच वाळू देत. ओला साग नीट तरंगत नाही. वाळलेला नदीतून तराफ्यांनी नेता येतो, हत्तींनाही ओढायला हलका पडतो. ब्रिटिशांनी १८५२ मध्ये ब्रह्मदेशातील पेगू प्रांत घेतला आणि १८५६ मध्ये जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिख ब्रांडिस तेथील सागवनांचे प्रमुख झाले. ही चाल त्यापूर्वीची असावी. खाचेमुळे लाकूड ठिसूळ होते, त्यातील तेल उडते, असा आक्षेप घेतला जाई. मुंबईच्या गोदीत खाच न घेता तोडलेल्या मलबारी सागाला मान होता (१८१७ मध्ये तेथे पाण्यात उतरवलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका त्याच लाकडाची), याचाही आधार त्यासाठी दिला जाई. मात्र मध्यकाष्ठातील (खोडाच्या गाभ्याच्या लाकडातील) पेशी खाच घेण्यापूर्वीच मृत असतात आणि तेल तेथेच साठलेले असते. त्यामुळे गुणवत्तेतील फरक झाडाचे वय, जमीन आणि वाढीचा वेग यांनी अधिक पटण्याजोगा उलगडतो.

पूर्वी ओंडका मांडणीवर चढवून त्यावर गेरूचे किंवा काजळीचे सूत मारत आणि दोन माणसे, एक वर व एक खाली राहून, लांब करवत ओढत. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’पासून आला आहे, हे येथे आठवावे. आता पट्टा-करवत वापरतात. सागातील सिलिकामुळे दात लवकर बोथट होतात.

लाकडातील पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर असेपर्यंत ते आकसत नाही. त्याखाली मात्र सागाची फळी वाढवलयांच्या दिशेने ५ ते ६ टक्के, त्रिज्येच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसते. लांबीत फरक नगण्य. म्हणून वलयांना समांतर चिरलेल्या फळीच्या कडा सालीच्या बाजूस उचलल्या जातात, तर त्रिज्येच्या दिशेने चिरलेली फळी सपाट राहते; पण तिच्यात लाकूड वाया जाते.

वाळवण्यासाठी फळ्यांची थप्पी सावलीत, जमिनीपासून वर रचतात. थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवाव्या लागतात. त्या सरकल्या तर फळी वाकते. टोकांतून पाणी लवकर जाते, त्यामुळे तेथे डांबर, मेण किंवा रंग लावतात. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा ठोकताळा थंड हवामानाचा आहे. आपल्याकडे इंचभर फळी काही महिन्यांत वाळते. भारतीय मानकांत देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केले असून, त्यांप्रमाणे लाकडातील पाण्याची मर्यादा ठरते. कोकणात वाळलेली फळी विदर्भाच्या उन्हाळ्यात पुन्हा आकसते, ते यामुळेच. भट्टीत हेच काम थोड्या आठवड्यांत होते.