स्क्रोल सॉ काम : पुण्यातील एक हौशी कला

स्क्रोल सॉ काम : वर-खाली चालणाऱ्या अतिशय बारीक पात्याच्या, विजेवरील करवतीने लाकूड, प्लायवूड किंवा तत्सम फळीतून वळणदार आकार, जाळी, अक्षरे व चित्रे कापून काढण्याची कला. तिचे मूळ हातकरवतीने होणाऱ्या फ्रेटकामात, म्हणजे पातळ फळीत नक्षी कापण्याच्या कामात आहे. पुण्यात निवृत्त अभियंते, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत टूलरूममध्ये (अचूक हत्यारे व साचे बनवणाऱ्या विभागात) काम केलेले कारागीर, शिक्षक, गृहिणी, संगणक क्षेत्रातील तरुण आणि शाळकरी मुले अशा निरनिराळ्या लोकांना या छंदाची गोडी लागते. यंत्रावर एका वेळी एकच माणूस बसतो, तरी हा छंद एकट्याने फार काळ टिकत नाही. नमुने, पाती, लाकडाचे तुकडे आणि आपल्या कामाकडे आपुलकीने पाहणारी दुसऱ्याची नजर या गोष्टी हौशी मंडळींच्या देवाणघेवाणीतूनच मिळतात.

यंत्राची रचना साधी असते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या टेबलाच्या मध्यभागी लहान भोक असते आणि त्यातून उभे ताणलेले पाते वरच्या व खालच्या भुजांना जोडलेले असते. मोटर या भुजा हलवते. बहुतेक घरगुती यंत्रांत पात्याची गती मिनिटाला सुमारे ४०० ते १,६०० फेऱ्यांच्या दरम्यान कमी-जास्त करता येते. पाते आणि मागचा खांब यांच्यातील अंतरावर किती मोठी फळी फिरवता येईल हे ठरते आणि घरगुती यंत्रांत हे अंतर साधारणपणे १६ इंच असते. फळीची जाडी सुमारे दोन इंचांपर्यंत चालत असली, तरी हौशी कामाचा मोठा भाग चार ते अठरा मिलिमीटर जाडीतच होतो. पाते जागेवरच राहते आणि लाकूड हाताने फिरवावे लागते, ही गोष्ट नवख्याला सुरुवातीला उलटी वाटते. चित्रकलेत हात फिरतो व कागद स्थिर असतो. येथे रेघच पात्याकडे आणायची असते.

साऱ्या कामाचा जीव पात्यात असतो. पाते साधारण पाच इंच लांब असते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : टोकांना आडवी पिन असलेले आणि साध्या टोकांचे. पिनचे पाते बसवायला सोपे, पण पिन आत जाण्याइतके मोठे भोक पाडावे लागत असल्याने बारीक जाळीला ते निरुपयोगी ठरते. साध्या टोकाचे पाते मिलिमीटरभराच्या भोकातूनही ओवता येते. पात्यांना जाडीनुसार नंबर असतात. पाच नंबरचे पाते सुमारे एक मिलिमीटर रुंद असून शिकण्यास तेच उत्तम. शून्य आणि त्याखालच्या नंबरांची पाती हातात धरली तरी केसासारखी लवतात. काही पात्यांचे खालचे थोडे दात उलटे, म्हणजे वरच्या दिशेने असतात, त्यामुळे फळीच्या मागच्या बाजूस चिंध्या सुटत नाहीत. सर्पिल पात्याला चहूबाजूंनी दात असल्याने फळी न वळवता कोणत्याही दिशेला कापता येते, मात्र त्याची चीर रुंद व खडबडीत पडते. पाते पुरेसे ताणलेले आहे की नाही, हे अनुभवी माणूस ते बोटाने छेडून कानाने ओळखतो. सैल पाते दबका आवाज करते, तर नीट ताणलेल्या पात्याचा स्वर वरच्या पट्टीतला आणि स्वच्छ असतो.

नवख्यांचा उत्साह सर्वांत जास्त वेळा एका विशिष्ट गोष्टीमुळे मावळतो. पट्टीतून दाबून काढलेल्या पात्यांच्या एका कडेला सूक्ष्म कंगोरा राहतो आणि त्या बाजूला पाते अधिक कापते. परिणामी फळी अगदी सरळ पुढे ढकलली, तरी चीर रेघेपासून, बहुधा उजवीकडे, सरकत जाते. शिकणाऱ्याला वाटते की आपला हातच वाकडा आहे. खरे तर फळी किंचित तिरकी धरून पुढे सारली की चीर रेघेवर येते, आणि किती तिरकी धरायची हे प्रत्येक पात्यागणिक थोडे बदलते. हे शेजारी उभे राहून कोणी एकदा दाखवले, तर पाच मिनिटांत उमगते. न दाखवल्यास अनेक जण यंत्र सदोष समजून ते माळ्यावर टाकतात. या छंदात सोबतीचे मोल किती, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

कामाचा क्रम ठरलेला असतो. नमुना कागदावर काढून तो फळीवर चिकटवतात. कागद नंतर सहज निघावा म्हणून आधी फळीवर कागदी टेप लावण्याची पद्धत आहे. वरून पारदर्शक पॅकिंग टेप लावल्यास पात्याचे घर्षण कमी होऊन टणक लाकडाची कड जळत नाही. आतल्या प्रत्येक पोकळीसाठी एक भोक पाडून त्यातून पाते ओवतात, पोकळी कापतात, पाते सोडवतात आणि पुढच्या भोकाकडे वळतात. आतल्या पोकळ्या आधी व बाहेरची कड सर्वांत शेवटी, हा नियम सहसा मोडत नाहीत, कारण बाहेरची कड आधी कापली तर हाताने धरायला जागा उरत नाही व नाजूक जाळी तुटते. शेवटी कानस, पॉलिश पेपर आणि बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) किंवा चपड्याचे पॉलिश यांनी काम पुरे होते. गुंतागुंतीच्या एका जाळीत शंभरावर भोके सहज असतात, त्यामुळे घाईत असलेल्या माणसाला हा छंद मानवत नाही.

मराठी हौशी कारागिराचे पहिले मोठे काम बहुधा दारावरची नावाची पाटी असते. देवनागरी अक्षरे या करवतीला मोठी अनुकूल आहेत, कारण शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एकसंध तुकड्यात कापता येतो. रोमन अक्षरे मात्र सुटी सुटी कापून पुन्हा फळीवर चिकटवावी लागतात. अडचण येते ती अनुस्वाराची. ‘देशपांडे’ लिहिताना पा-वरचा टिंब कशालाच जोडलेला नसतो आणि कापताच तो भुशात पडून हरवतो. म्हणून त्याला खालच्या शिरोरेषेशी जोडणारी अरुंद दांडी आराखड्यातच ठेवावी लागते. ‘शिंदे’ या नावात हाच टिंब वेलांटीच्या कमानीला टेकवता येतो, आणि ‘कुलकर्णी’तला रफार वेलांटीला चिकटूनच असल्याने तेथे प्रश्नच उद्भवत नाही. अक्षरे उरवण्याऐवजी अक्षरांच्या जागी पोकळी ठेवायची असेल, तर अडचण उलट बाजूने येते : ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातले तुकडे निसटून जातात व त्यांना धरून ठेवणारे पूल आखावे लागतात. हे पूल अक्षराचे वळण न बिघडवता कोठे द्यावेत, हा सुलेखनाचाच प्रश्न आहे. त्यात मुरलेल्या माणसाने केलेली पाटी दुरूनही ओळखू येते.

बारीक पात्याने आकार कापण्याच्या कलेला युरोपात मोठी परंपरा आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पदरी असलेला आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळ आणि कासवाच्या कवचाचे पत्रे एकावर एक ठेवून एकाच वेळी कापत असे व एकाचे तुकडे दुसऱ्याच्या पोकळीत बसवून फर्निचर मढवत असे. लंडनचा जॉन स्पिल्सबरी याने १७६०च्या दशकात लाकडावर चिकटवलेले नकाशे सीमारेषांवर कापून मुलांसाठी भूगोलाची कोडी तयार केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालवायच्या फ्रेट यंत्रांनी ही कला इंग्लंड-अमेरिकेतील घराघरांत नेली. भारतात म्हैसूरच्या शिसवी जडावकामात आणि उत्तर प्रदेशातील सहारनपूरच्या जाळीकामात बारीक करवतीचे काम व्यावसायिक कारागिरांनी पूर्णत्वास नेले आहे.

या साऱ्यांच्या खुणा आजच्या हौशी कामात दिसतात. बूलप्रमाणे चार-पाच पातळ प्लाय टेपने बांधून एकदम कापले की एकाच कष्टात तितक्याच आकृती मिळतात आणि त्या मंडळींत वाटल्या जातात. स्पिल्सबरीच्या धर्तीवर महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे कोडे हे येथील आवडते काम आहे. त्यात मुंबई शहराचा तुकडा इतका चिमुकला येतो की तो मुद्दाम मोठा तरी काढावा लागतो किंवा उपनगराला जोडावा लागतो. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे घडवून चित्र जुळवण्याला इंटार्सिया म्हणतात आणि हळदूचा पिवळा, सागाचा तपकिरी, शिसवाचा जांभळट काळा असे नैसर्गिक रंग त्यात रंगकामाची गरजच ठेवत नाहीत. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने मखरांचे असतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आल्यानंतर घडीच्या लाकडी मखराला मागणी वाढली. दिवाळीत आकाशकंदील आणि तोरणे असतात.

पुण्यात नक्षीचे नमुने शोधायला दूर जावे लागत नाही. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे कोरीव दर्शनी काम, त्याचे सुरूच्या आकाराचे खांब व महिरपी, तसेच शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दरवाजे व खिडक्या यांवरून रेखाटने करून ती करवतीच्या नमुन्यात उतरवणे हा अभ्यासाचा उत्तम मार्ग आहे. मूळ काम पटाशीचे, म्हणजे उठावाचे आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. करवत फक्त आरपार कापते. खोली दाखवायची तर दोन-तीन थरांत नमुना विभागून ते थर एकमेकांवर बसवावे लागतात.

लाकडासाठी भवानी पेठेतील टिंबर मार्केट आणि हत्यारांसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी ही जुनी ठिकाणे आहेत. वखारीत अखंड फळीपेक्षा उरलेले तुकडे स्वस्त पडतात व या कामाला ते पुरतात. साध्या प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि जाळीतली नाजूक दांडी नेमकी तेथे तुटते, म्हणून फळी घेताना तिच्या कडा निरखून पाहाव्या लागतात. साग दिसायला देखणा, पण त्यातील वाळूसदृश सिलिकामुळे पाती लवकर बोथट होतात. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळाला तर तो मुरलेला असल्याने वाकत नाही. त्यात मोडून राहिलेले खिळे आधी लोहचुंबकाने शोधावे लागतात. पावसाळ्यात पातळ फळ्या फुगतात व पाती गंजतात, त्यामुळे पाती तेलकट कागदात गुंडाळून ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते.

हौशी मंडळींचे गट लहान असतात व बहुधा कोणाच्या तरी गच्चीवर, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी जमतात. चांगली पाती डझनाच्या हिशेबाने आणि अनेकदा परदेशातून मागवावी लागतात, म्हणून सामाईक खरेदी करून वाटून घेणे सर्वांनाच परवडते. अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र आणण्याचा मोह अनेकांना होतो, तेथेही जाणत्याचा सल्ला मोलाचा असतो : तेथील यंत्रे १२० व्होल्ट व ६० हर्ट्झवर (विजेच्या सेकंदाला ६० आवर्तनांवर) चालतात, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो पण हर्ट्झ बदलत नाही, आणि साधी इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांशाने मंद फिरते. नव्या माणसाने आणलेले काम हातात घेऊन आधी त्यातली जमलेली कड दाखवावी आणि मग सुधारणा सांगावी, अशी रीत चांगल्या गटांत आपोआप रुळते. टूलरूममध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केलेले काका आणि चित्रकलेची जाण असलेली कॉलेजची मुलगी एकाच टेबलाशी उभी राहिली, की एकाकडून काटेकोरपणा व दुसरीकडून रेषेचे वळण असा व्यवहार होतो. दोघांनाही तो अन्यत्र सहसा मिळत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे यंत्र सोयीचे आहे. जागा थोडी लागते आणि आवाज गोल करवतीच्या मानाने फारच कमी होतो, तरी भिंतीतून कंप जाऊ नये म्हणून पायांखाली रबर घालणे आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी काम बंद ठेवणे शेजारधर्माला धरून होते. पात्याने बोट कापण्याचा धोका असतोच, मात्र खरी काळजी भुशाची घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) धूळ विशेष बारीक असून त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिन असते. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, खेळती हवा व टेबलाखाली जोडलेला व्हॅक्यूम यांत काटकसर करू नये. बंद खोलीत मुलांना शेजारी बसवून कापणे तर सर्वस्वी टाळावे.

लेझर कटिंग यंत्रांमुळे जाळीकाम आता मिनिटांत होते. पुण्याजवळच्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब (संगणकचलित यंत्रांची सामाईक कार्यशाळा) सुरू झाली, तेव्हापासून संगणकाच्या आज्ञेने कापणारी यंत्रे या परिसरातील विद्यार्थ्यांच्याही हाती आली आहेत. लेझरची कड जळून काळी पडते व जाड टणक लाकडात तो अडखळतो. करवतीची कड लाकडाच्या रंगाचीच राहते आणि टेबल तिरके करून उतरती चीरही घेता येते. अनेक हौशी कारागीर आराखडा संगणकावर करून कापतात मात्र हाताने.

काही जण आपले काम प्रदर्शनांत विकतात. तेथे एक पथ्य पाळले जाते : दुसऱ्याने आखलेला नमुना घरासाठी वा भेटीसाठी कापणे वेगळे आणि विक्रीसाठी कापणे वेगळे, विक्री करायची असेल तर आखणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते व पाटीवर त्याचे नाव द्यावे लागते. नमुना फुकट मिळालेला असला, तरी हा नियम लागू राहतो.