टोर्नेडोची धास्ती आणि वळवातला खरा धोका

एप्रिल लागला की मोबाइलवर हत्तीच्या सोंडेसारख्या फिरत्या ढगांचे व्हिडिओ येऊ लागतात. घरे उचलली जातात, गाड्या हवेत भिरकावल्या जातात. व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात, पण दुपारी जतच्या किंवा फलटणच्या बाजूला आभाळ काळे झाले की तेच चित्र डोळ्यांपुढे येते. मुले विचारतात, आपल्याकडे असे आले तर?

सातारा-सांगलीत टोर्नेडो होण्याची शक्यता फार कमी आहे. पण ज्या जातीच्या ढगातून टोर्नेडो लोंबतो, त्या जातीचे ढग इथे दरवर्षी येतात. त्यांतून वीज पडते, सोसाट्याचा वारा सुटतो, गारा पडतात. माणसांचे आणि जनावरांचे जीव प्रामुख्याने विजेने जातात आणि त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. भीती बाळगायचीच तर ती या गोष्टींची बाळगावी, कारण तिचा उपयोग होतो.

टोर्नेडोला खाली उबदार दमट हवा लागते, वर थंड कोरडी हवा लागते आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलावी लागते. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. तिच्यामुळेच वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरू लागते. अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानांवर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात आणि त्या देशात वर्षाला हजाराच्या वर टोर्नेडो नोंदले जातात. आपल्या उपखंडात ते मुख्यतः बंगालच्या बाजूला होतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे गेली. १७ मार्च १९७८ ला दिल्लीच्या उत्तर भागात एक झाला, तर ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडी भागाला असाच तडाखा बसला. सांगली आणि सातारा सुमारे १७ अक्षांशावर आहेत. उन्हाळ्यात वरच्या थरातला वेगवान पश्चिमी झोत इथून बराच उत्तरेला असतो, त्यामुळे ढग उंच वाढले तरी त्यांना हवी तशी पीळ सहसा बसत नाही.

माण, खटाव, आटपाडीच्या माळावर दिसणारी वावटळ हा वेगळाच प्रकार आहे. ती तापलेल्या जमिनीवरून वर चढते, वर ढग नसतानाही होते आणि काही मिनिटांत विरते. तोंड फिरवून डोळे झाकावेत आणि सुट्या पत्र्यांपासून दूर व्हावे, एवढे पुरते.

आता वळीव. सकाळपासून जमीन तापते, दुपारी अरबी समुद्रावरची दमट हवा घाट ओलांडून आत येते आणि वर गेलेल्या हवेचा ढग बघता बघता १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत वाढतो. साधारण तीन-चार वाजल्यानंतरचा काळ त्याचा. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे आणि मांढरदेवच्या डोंगरावर याच संस्थेने ढग न्याहाळण्यासाठी रडार बसवले, ते काही उगाच नाही. घाटमाथ्यापासून पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत ढग कसे बदलतात हे पाहायला ही जागा उत्तम आहे.

ढगातून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच वाफ होऊन उडतो. वाफ होताना तो हवेतली उष्णता घेतो, हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते. फरशीवर बादली उपडी केल्यावर पाणी जसे चहूबाजूंना पसरते, तशी ही हवा जमिनीवर आपटून चौफेर धावते. पूर्वेच्या तालुक्यांत हवा कोरडी आणि ढगाचा तळ उंच असतो, म्हणून तिथे वाफ जास्त होते आणि वारा जोरकस येतो. पाऊस चार थेंब आणि शेड मात्र जमीनदोस्त, असे जत किंवा कवठेमहांकाळला का होते याचे उत्तर यात आहे. हा वारा पावसाच्या काही मिनिटे पुढे धावतो. क्षितिजावर धुळीची भिंत दिसली आणि अंगाला एकदम गार झुळूक लागली, तर हातात पाच-दहा मिनिटे आहेत असे समजावे. कधी तीही नसतात.

हवामान विभाग अशा वादळांची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावरून करतो. ताशी ४१ ते ६१ किलोमीटरपर्यंत मध्यम, ६२ ते ८७ पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. वादळानंतर "टोर्नेडोच आला होता" असे गावात बोलले जाते, तेव्हा पडलेली झाडे बघावीत. सगळी झाडे एकाच दिशेला किंवा एका जागेपासून पंख्यासारखी बाहेरच्या बाजूला आडवी झाली असतील, तर तो कोसळलेल्या हवेचा सरळ वारा होता. अरुंद पट्ट्यात झाडे एकमेकांवर उलटसुलट पडली असतील तरच फिरत्या वाऱ्याची शंका घ्यावी. टोर्नेडोची तीव्रता मोजण्याची पट्टी १९७१ मध्ये मांडणाऱ्या तेत्सुया फुजिता यांनी अशाच पंख्याच्या आकारात पडलेल्या झाडांवरून कोसळणाऱ्या हवेचा हा प्रकार ओळखला. बॉम्बनंतरच्या नागासाकीत एका केंद्रापासून बाहेर पडलेली झाडे त्यांनी १९४५ मध्ये पाहिली होती.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे समजले की पत्रे का उडतात ते कळते. ताशी ६० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो भार येतो, ९० ला ३८ किलो आणि १२० ला ६८ किलो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. त्याचे वजन जेमतेम १३-१४ किलो, आणि ९० च्या वाऱ्यात त्याला वर खेचणारा जोर सव्वाशे किलोच्या घरात जातो. कोपऱ्यांवर आणि पन्हाळीच्या कडेला ही ओढ आणखी वाढते. शेडची एक बाजू उघडी असेल, जशी गोठ्याची असते, तर आत शिरलेला वारा खालूनही पत्रा ढकलतो.

म्हणून पत्र्यावर दगड किंवा टायर ठेवणे हा उपाय नव्हे. दहा-वीस किलोचा दगड पत्रा रोखू शकत नाही, उलट पत्रा उचकटला की तोच दगड खाली माणसावर येतो. मार्चमध्येच शिडी लावून हुक-बोल्ट तपासावेत. वायसर वाळून फुटले असतील तर तिथून पाणी शिरून भोक गंजते आणि ताण आला की पत्रा बोल्टाच्या डोक्यावरून फाटून निघतो. कडेच्या दोन ओळींत बोल्ट मधल्या भागापेक्षा दुप्पट दाट हवेत. पत्रा अँगलला घट्ट आहे पण अँगल भिंतीत नुसता टेकवलेला आहे, ही चूक सर्रास दिसते. मग अख्खे छप्पर एका तुकड्यात उडते. अँगल खांबाला किंवा भिंतीतल्या काँक्रीटला बोल्टने जखडलेला असला पाहिजे. तासगाव भागातल्या बेदाणा शेडमध्ये शेडनेट वाऱ्याने फुगून पूर्ण सांगाड्याला ओढते. रॅकवर माल असताना नेट सोडवणे जिवावर येते हे खरे, पण वारा सुटल्यावर त्या नेटखाली कुणी थांबू नये.

विजेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे.

विजेच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, ती फुगल्याचा आवाज म्हणजे गडगडाट. उजेड लगेच दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. चमकल्यापासून आकडे मोजावेत. ३० च्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून पुढची वीज तुमच्या शिवारात पडू शकते. पाऊस सुरू झालेला नसला तरीही. मोजणे जमले नाही तर सोपा नियम असा: गडगडाट ऐकू आला की आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर.

घोटाळा होतो तो बहुधा सुरुवातीला आणि शेवटी. "पाऊस आला की जाऊ" म्हणून वैरण आवरत राहिलेला माणूस, आणि पाऊस उघडला म्हणून लगेच मोटार बघायला विहिरीवर गेलेला माणूस, दोघेही धोक्याच्या पट्ट्यात असतात.

आत म्हणजे कुठे? सळईचा स्लॅब, वायरिंग आणि नळ असलेले पक्के घर, शाळा, ग्रामपंचायत, देऊळ नव्हे तर देवळाशेजारचा पक्का सभामंडप. चारही बाजूंनी बंद, लोखंडी टपाची चारचाकीही चालते. तिथे वाचवतात ते रबरी टायर नव्हेत. वीज गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते, म्हणून काचा वर आणि हात आत. मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर, बैलगाडी, पत्र्याचा गोठा, एसटीचा उघडा थांबा यांतले काहीच विजेपासून वाचवत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दुचाकीवाले पुलाखाली गर्दी करतात. तिथे वारा बोगद्यासारखा जोरात घुसतो आणि मागून येणाऱ्या गाड्यांना पावसात माणसे दिसत नाहीत. पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या पक्क्या खोलीत शिरावे, होर्डिंगखाली तर अजिबात थांबू नये.

झाडाखाली थांबलेल्यांना वीज तीन वाटांनी गाठते. खोडावरून शेजारच्या माणसावर उडी मारते, टेकलेल्या पाठीतून जाते, किंवा मुळांतून जमिनीवर पसरून एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. जमिनीतून पसरणारा हा प्रवाहच सर्वाधिक जीव घेतो. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि प्रवाहाच्या वाटेत काळीज, म्हणून एका झाडाखालची सगळी म्हसरे एकाच वेळी पडतात. ढग दिसताच दावे सोडून जनावरे झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब न्यावीत. मेंढपाळांनी कळप माळाच्या उंचवट्यावरून उतरवून सखल भागात घ्यावा, पण ओढ्याच्या पात्रात नको.

द्राक्षबागेत एक वेगळा धोका आहे. मांडवाच्या तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतात, त्यामुळे एका टोकाला पडलेली वीज दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकते. खरड छाटणी एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन वळवाच्या दिवसांत येते. पहिला गडगडाट झाला की कात्री खाली, तार सोडायची आणि बागेबाहेर पडायचे. मजुरांना तेवढ्या वेळाची मजुरी कापली जाणार नाही असे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर कुणी काम सोडत नाही.

कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात, किंवा सज्जनगडावर, अजिंक्यताऱ्यावर दुपारी ढग चढताना दिसले तर पहिल्या गडगडाटाची वाट न बघता उतरावे. सपाट उघड्या पठारावर उभा माणूसच सर्वांत उंच वस्तू ठरतो. अगदी कुठेच आसरा नसेल तर गटाने एकमेकांपासून लांब पांगावे, दोन्ही पाय जुळवून चवड्यांवर बसावे, डोके गुडघ्यात घालून कान झाकावेत. आडवे पडू नये. याने धोका थोडा कमी होतो, जात नाही. आसरा गाठता येत असेल तर बसून राहू नये.

घरात असताना प्लग आधीच काढावेत, वीज चमकू लागल्यावर नाही. अंघोळ, भांडी, नळाला हात लावणे थांबवावे. मोबाइल वीज ओढत नाही, पण चार्जिंगला लावलेला हातात धरू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास बंद असेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करावी. अनेक जण पडले असतील तर जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी जावे. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय लगेच दाबल्यास पुन्हा सुरू होऊ शकते. शेणात किंवा मातीत पुरणे यात जीव वाचवणारी मिनिटे जातात.

इशाऱ्यासाठी 'दामिनी' हे पुण्याच्या त्याच संस्थेचे ॲप मोबाइलवर असावे. जवळपास २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडते आहे का, ते त्यात दिसते. हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक अंदाज जिल्हावार येतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो एकदा बघितला तर संध्याकाळचे काम ठरवता येते.

२०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या अनेक घरांत नुसता पावसाचा जोर वाढला तरी छाती धडधडते. अशा माणसाला "काही होत नाही" म्हणून उडवून लावू नये. त्याच्या शरीराने एकदा खरा धोका पाहिला आहे. त्याला काम द्यावे: चमक आणि गडगडाट यांतले आकडे मोजणे, बॅटरी आणि औषधांची पिशवी सांभाळणे, प्लग काढले का बघणे. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असे पाच मिनिटे केले तर धडधड उतरते. मुलांना वादळाचे व्हिडिओ दाखवू नयेत, मात्र कुठल्या खोलीत बसायचे ते आधी दाखवावे. खिडक्यांपासून लांबची, खालच्या मजल्यावरची, आतली लहान खोली. दुर्मीळ टोर्नेडोतही हीच खोली उपयोगी पडते, डोक्यावर गादी घेऊन. आभाळ निरभ्र असतानाही शेतावर किंवा शाळेत जायची भीती महिनोन्महिने राहिली, झोप उडाली, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलावे. वादळाचा आवाज आधी अगदी हळू, मग थोडा मोठा ऐकवत भीती उतरवण्याची उपचारपद्धत आहे आणि ती लागू पडते.

वादळ सरल्यावर सर्वांत आधी तारा बघाव्यात. पडलेली तार मेलेली आहे असे कधीही धरू नये. ओल्या जमिनीत तिच्याभोवती प्रवाह पसरलेला असतो. किमान दहा मीटर लांब राहावे, जवळ सापडलोच तर पाय न उचलता, जमिनीला घासत छोटी छोटी पावले टाकत बाहेर पडावे, आणि महावितरणला १९१२ वर कळवावे. तारेच्या कुंपणावर ती पडली असेल तर कुंपण जिथे संपते तिथपर्यंत धोका असतो. पडझडीचे फोटो आवरासावर करण्याआधी काढून ठेवावेत, पंचनाम्याला ते लागतात. वाकलेल्या मांडवाच्या तारा ताणाखाली असतात. कापताना त्या चाबकासारख्या उसळतात, म्हणून आधी टोकाच्या खांबाचा ताण सैल करावा आणि मगच कटर लावावा.