विमानतळ-धाड (पटावरील युद्धखेळ)

विमानतळ-धाड : फासे व लघुप्रतिमांच्या साहाय्याने पटावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळातील एक मोहीमप्रकार. छोट्या तुकडीने रात्री शत्रूच्या विमानतळात शिरावे, जमिनीवर उभी असलेली विमाने व इंधनसाठा नष्ट करावा आणि उजाडण्यापूर्वी निसटावे, असे तिचे सूत्र आहे. पट बहुधा सहा फूट लांब व चार फूट रुंद असतो. मांडणी बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेची असते.

या मोहिमेचा ऐतिहासिक नमुना कोणता, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते तो मुर्झुकचा. ११ जानेवारी १९४१ रोजी ब्रिटिशांच्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रूप’ या वाळवंटात दूरवर टेहळणी करणाऱ्या तुकडीने स्वतंत्र फ्रेंच (जर्मनीला शरण न गेलेल्या) सैनिकांसह लिबियातील या इटालियन ठाण्यावर हल्ला करून तेथील हँगर व विमाने जाळली. मात्र तो दिवसाउजेडी झालेला हल्ला होता आणि त्यात किल्लाही लक्ष्य होता. दुसरे मत इजिप्तमधील सिदी हनीश विमानतळाच्या बाजूचे आहे. जुलै १९४२च्या अखेरीस ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ (एसएएस) या ब्रिटिश छापामार दलाच्या १८ जीपगाड्या चांदण्या रात्री ओळीने धावपट्टीवर शिरल्या व व्हिकर्स मशीनगनांचा मारा करीत बाहेर पडल्या. नष्ट विमानांचा आकडा साधारण ३७ ते ४० असा दिला जातो. पटावर हा प्रसंग देखणा दिसतो, त्यामुळे तोच मूळ नमुना समजण्याकडे कल आहे.

तथापि मोहिमेचे आजचे नियम पाहता लिबियातील तामेत विमानतळावरच्या धाडीचा दावा अधिक सबळ वाटतो. डिसेंबर १९४१च्या मध्यास एसएएसचे अधिकारी पॅडी मेन यांच्या हाताखालील मूठभर माणसे रात्री पायी आत गेली, विमानांवर स्फोटके ठेवली व परतली. २४ विमाने नष्ट केल्याचा दावा झाला. महिनाभरापूर्वी, नोव्हेंबरमध्ये, एसएएसची पहिली हवाईछत्री मोहीम वादळात सापडून फसली होती आणि निम्म्याहून अधिक माणसे परतली नव्हती. त्यानंतर आकाशातून उतरण्याऐवजी वाळवंटातून मोटारींनी जवळ जायचे व शेवटचे अंतर पायी कापायचे, ही रीत पडली. पटाच्या कडेने प्रवेश, पहारेकऱ्यांना चुकवत पुढे सरकणे आणि ठरावीक फेऱ्यांत माघार हे मोहिमेचे तिन्ही भाग या रीतीतून आले असावेत.

दाव्यांचे आकडे जपून वापरावेत. १३ सप्टेंबर १९४२च्या रात्री लिबियातील बार्चे येथे झालेल्या धाडीत ब्रिटिश दावा ३२ विमानांचा आहे, तर इटालियन नोंदींनुसार १६ नष्ट व ७ नादुरुस्त झाली. विमानामागे गुण देणाऱ्या नियमांत असा फरक थेट निकाल फिरवतो.

स्फोटकांविषयीचे नियम विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. एसएएसचे अधिकारी जॉक लुईस यांनी तयार केलेल्या बाँबमध्ये प्लास्टिक स्फोटक, थर्माइट (अतिशय प्रखर जळणारी भुकटी) व तेल यांचे मिश्रण असे. नुसत्या स्फोटाने विमानाला भोक पडते, पण ते पेट घेईलच असे नाही. या मिश्रणाने दोन्ही साधत आणि बाँब एका माणसाला अनेक नेता येतील इतका हलका राही. तो पेटवण्यासाठी ‘टाइम पेन्सिल’ वापरत. तिच्यातील काचेची कुपी चिरडली की ताम्र क्लोराइडचा द्राव आतली बारीक तार कुरतडू लागे, तार तुटताच चाप सुटे. हा वेळ तापमानावर अवलंबून असे, उष्णतेत कमी व थंडीत जास्त. म्हणून स्फोटाची फेरी आधी ठरवून न देता प्रत्येक फेरीत फासा टाकून ठरवणारा नियम वास्तवाला अधिक धरून आहे. पहिला बाँब लवकर फुटला तर उरलेली विमाने सोडून पळावे लागते, आणि मोहिमेतला खरा ताण इथेच आहे. पहाऱ्याला सुगावा लागेपर्यंत बचाव करणाऱ्याच्या प्रतिमा फाशाच्या दानानुसार इकडेतिकडे फिरतात. इशारा झाल्यावरच त्याला आपले सैन्य मनाप्रमाणे हलवता येते. हा नियम गाळला की उरते ती साधी चकमक.

भारतीय उपखंडातील उदाहरण १९६५च्या युद्धातले आहे. ६-७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर व हलवारा या तळांजवळ प्रत्येकी सुमारे ६० हवाईछत्रीधारी सैनिक उतरवले. ते विखुरले गेले व बहुतेक पकडले गेले. त्यांना पकडून देण्यात गावकऱ्यांचा मोठा वाटा होता. गावकरी हा तिसरा पक्ष पटावर क्वचितच आढळतो, ही मोठी उणीव होय.

मराठवाडा : येथील खेळाडूंना जवळचा काळ १९४८चा. १३ ते १७ सप्टेंबरच्या हैदराबाद कारवाईत एक फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आली, दुसऱ्या तुकड्या औरंगाबाद-जालन्याकडे वळल्या. संस्थानातील विमानतळांवर भारतीय हवाईदलाच्या टेम्पेस्ट विमानांनी बाँबफेक केली. जमिनीवरून धाड पडली नाही, त्यामुळे अशी मांडणी केल्यास ती कल्पित असल्याचे नमूद करावे. धाडीचा खरा नमुना हवा असेल, तर स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी (जि. नांदेड) येथील बँकेवर केलेली कारवाई अभ्यासावी. तिचे लक्ष्य विमानतळ नव्हते, पण अचानक पडणे, ठरलेले काम उरकणे व मदत पोचण्याआधी निघून जाणे हे त्रिसूत्र तिलाही लागू पडते.

भूप्रदेशाचे नियम मात्र आफ्रिकेचे उचलून चालत नाहीत. सप्टेंबरात काळी जमीन ओली असते आणि रस्ता सोडलेली जीप चिखलात रुतते. सिदी हनीशसारखा जीपहल्ला येथे पक्क्या धावपट्टीपुरताच शक्य आहे. उलट उभी खरीप ज्वारी, तूर व ओढ्यांची खोल पात्रे पायी येणाऱ्यांना लपायला जागा देतात. म्हणून ज्वारीच्या रानातून जाणाऱ्या प्रतिमेला दृष्टिआड धरावे, पण तिची चाल निम्मी करावी. काळ्या रानात वाहनाने दर फेरीस फासा टाकावा व कमी दान पडल्यास ते तेथेच अडकले असे मानावे.