नेदरलँड्समध्ये छोटा फ्लॅट घेताना फाईल नेमकी कुठे अडते

नेदरलँड्समध्ये घर घ्यायला डच नागरिकत्व लागत नाही. कायम वास्तव्याचा परवानाही कायद्याने लागत नाही. तरी अ‍ॅमस्टलव्हेन, आइंडहोव्हन, व्हेल्डहोव्हन भागातल्या आपल्या लोकांच्या फायली बँकेतून परत येतात, आणि त्याचं कारण दर वेळी पगार हे नसतं. बरेचदा एखादा कागद नसतो, असला तरी चुकीचा भरलेला असतो, किंवा एखादी तारीख कुणी नीट वाचलेली नसते. इथे करारावर सही झाली की मुदती सुरू होतात आणि कागद गोळा करायला त्या पुरत नाहीत. म्हणून आधी कागद जमवा, मग फंडावर (इथल्या घरविक्रीच्या साइटवर) घरं बघा, आणि बोली सगळ्यात शेवटी लावा.

पुढची माहिती कर्ज काढून, स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या जुन्या फ्लॅटसाठी आहे: निवांत वस्तीतल्या, महायुद्धानंतर बांधलेल्या तीन-चार मजली, बहुधा बिनलिफ्टच्या इमारतीतला पन्नास-साठ चौरस मीटरचा फ्लॅट. नव्या बांधकामाची पद्धत वेगळी आहे.

परवाना कोणता, हे आधी बघा

बीएसएन (इथला नागरिक क्रमांक) आणि डच बँक खातं तुमच्याकडे असणारच. बँक खरं बघते ते परवान्याचा हेतू. केनिसमिग्रांट, म्हणजे उच्चकुशल नोकरदार, म्हणून आलेल्याचं वास्तव्य कायद्याच्या भाषेत ‘तात्पुरत्या हेतूचं’ धरत नाहीत, त्यामुळे परवान्यावर शेवटची तारीख असली तरी कर्ज मिळू शकतं. काही बँका अशा अर्जदाराला घराच्या किमतीइतकं पूर्ण कर्ज देत नाहीत. म्हणून एकाच बँकेत न जाता स्वतंत्र कर्ज सल्लागार गाठा, तेवढे पैसे वसूल होतात.

पुण्या-मुंबईच्या कंपनीने आयसीटी परवान्यावर (कंपनीच्याच इथल्या शाखेत बदलीच्या परवान्यावर) पाठवलेल्यांची गोष्ट वेगळी. हा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा, हेतू तात्पुरता, आणि नोकरीचा करार भारतातल्या कंपनीशी. पगार चांगला असतो, त्यामुळे लोक उत्साहाने बोली लावतात आणि बँक पहिल्याच पानावर फाईल मिटते. शिक्षणानंतरच्या झूकयारचंही, म्हणजे नोकरी शोधायच्या वर्षभराच्या परवान्याचंही, तसंच. अशांनी आधी डच कंपनीच्या करारावर आणि केनिसमिग्रांट परवान्यावर यावं. त्याआधी घरं बघत फिरण्यात शनिवार फुकट जातात.

परवाना संपत आला असेल तर नूतनीकरण आधी करून घ्या. ‘अर्ज केलाय, कार्ड येईलच’ यावर बँक चालत नाही.

मालकाचा दाखला: एक पान, पण सगळ्यात जास्त त्रास

पगाराची स्लिप, पासपोर्ट, बँक स्टेटमेंट ही नेहमीची यादी, त्यात कुणी अडत नाही. अडतात ते वेर्कगेव्हर्सफेरक्लारिंगवर, म्हणजे कंपनीने तुमच्या नोकरीबद्दल ठराविक नमुन्यात दिलेल्या दाखल्यावर. तो तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. त्यावर खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. वर्षाचा ग्रॉस (कर कापण्याआधीचा) पगार आणि स्लिपवरचा पगार जुळला पाहिजे. आठ टक्के सुट्टीभत्ता वेगळ्या ओळीत हवा. एचआरमधली मंडळी तो मूळ पगारात मिसळून टाकतात, आकडा जुळत नाही, आणि दाखला परत येतो. एचआरला पाठवण्याआधी शेजारी स्लिप ठेवून स्वतः आकडे ताडून बघा. प्रोबेशन संपलेलं असायला हवं, तोही प्रश्न याच पानावर असतो.

करार कायमचा नसेल तर त्याच दाखल्यातला इन्टेन्सी हा भाग भरून लागतो: परिस्थिती आणि काम असंच राहिलं तर मुदत संपल्यावर कायमचा करार देऊ, असं कंपनीने लिहायचं आणि सही करायची. बऱ्याच कंपन्या यावर सही करायला बिचकतात. हे बोलीनंतर कळलं तर काय उपयोग? म्हणून मॅनेजरला सरळ आधीच विचारा.

बरेच सल्लागार यूडब्ल्यूव्हीचा (इथल्या कामगार विमा संस्थेचा) नोकरीचा गोषवाराही मागतात. तो डिजीडीने (सरकारी साइटच्या ओळखखात्याने) लॉगिन करून उतरवायचा आणि उतरवलेली मूळ पीडीएफ जशीच्या तशी द्यायची. प्रिंट काढून, स्कॅन करून, ‘नीट’ नाव देऊन पाठवलेली प्रत यंत्रणा वाचत नाही. इतकी साधी गोष्ट कुठेही ठळक लिहिलेली नसते आणि त्यात आठवडा जातो.

बीकेआर म्हणजे इथली कर्जनोंदणी. २५० युरोच्या पुढचं कर्ज तिथे दिसतं, त्यात हप्त्यावर घेतलेला महागडा फोन आणि प्रायव्हेट लीजची गाडीही येते. फोनचे हप्ते फेडून नोंद बंद झाल्याची खात्री करा. पुण्यातल्या फ्लॅटचा ईएमआय बीकेआरमध्ये दिसत नाही, म्हणून तो न सांगण्याचा सल्ला काही हुशार मित्र देतात. तो ऐकू नका. बँक फॉर्मवर तुमच्या सगळ्या देण्यांबद्दल विचारते आणि खाली सही तुमची असते. शिवाय खात्याच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला भारतात जाणारी ठराविक रक्कम कुणालाही दिसते.

खिशातून किती लागतात

कर्ज घराच्या मूल्याच्या १०० टक्क्यांपर्यंतच मिळतं, ऊर्जाबचतीच्या कामांसाठी १०६ पर्यंत. जाहिरातीत किमतीपुढे ‘के. के.’ असेल तर हस्तांतरणाचा सगळा खर्च खरेदीदाराचा. ३,६०,००० युरोच्या फ्लॅटवर दोन टक्के हस्तांतरण कर म्हणजे ७,२००. एनएचजी (राष्ट्रीय गृहकर्ज हमी) घेतली तर कर्जाच्या ०.४ टक्के, साधारण १,४४०. वर नोटरी, मूल्यांकन, सल्लागार, दुभाषा. आणि बोली मूल्यांकनापेक्षा वर गेली तर मधला फरकही रोख तुमचाच, कारण बँक मूल्यांकनाचा आकडा धरते. शेजाऱ्याने तीस हजार जास्त दिले म्हणून तुम्हीही द्यायचे, तर ते तीस हजार कुठून येणार हे आधी ठरवा.

एनएचजीची किंमत-मर्यादा २०२५ मध्ये ४,५०,००० युरो होती, २०२६ मध्ये ४,७०,०००. छोटा फ्लॅट बहुतेक वेळा यात बसतो.

तरुणांना हस्तांतरण कर माफ आहे, पण अटी नीट वाचा. वय १८ ते ३५ च्या आत हवं, आणि ते बघतात नोटरीकडे हस्तांतरण होण्याच्या दिवशी. करार झाला त्या दिवशीचं वय धरत नाहीत. पस्तिसावा वाढदिवस मार्चमध्ये आणि हस्तांतरण एप्रिलमध्ये असेल तर पस्तिशी उलटली आणि सात हजार गेले, म्हणून तारीख ठरवताना हे बोला. घराच्या मूल्याची मर्यादा २०२५ मध्ये ५,२५,००० आणि २०२६ मध्ये ५,५५,००० युरो, आणि इथेही वर्ष हस्तांतरणाचं. मर्यादा एका युरोने ओलांडली तरी कर संपूर्ण रकमेवर. जोडप्यात एक ३३ चा आणि एक ३६ चा असेल तर माफी फक्त ३३ वाल्याच्या हिश्शाला. भारतात आधीच घर असलं तरी माफी जात नाही, कारण अट ‘ही सवलत आधी वापरलेली नाही’ अशी आहे, ‘पहिलंच घर’ अशी नाही. आपले बरेच लोक या गैरसमजात सवलत मागतच नाहीत.

आईबाबांचे पैसे

आईवडील भारतात राहतात आणि डच नागरिक नाहीत, तर त्यांनी दिलेल्या भेटीवर डच भेटकर लागत नाही. पण पैसे आले कुठून हे नोटरी विचारणारच, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने त्याला विचारावंच लागतं. लेखी भेटपत्र, आईवडिलांच्या खात्याचं स्टेटमेंट आणि पैसे कुठून उभे राहिले त्याचा कागद तयार ठेवा. गावची जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि त्याचा अधिकृत अनुवाद हवा, मराठी खरेदीखत इथे कुणी वाचणार नाही. व्यवहारातला काही भाग रोखीत झाला असेल तर तो भाग इथे दाखवता येत नाही, आणि दाखवता न येणारे पैसे वापरताही येत नाहीत. काकांच्या किंवा मित्राच्या खात्यातून परस्पर नोटरीकडे पैसे पाठवू नका. आधी स्वतःच्या खात्यात घ्या.

भारताच्या बाजूने एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि भेट म्हणून पाठवताना दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) कापतात. तो नंतर रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्या दिवशी हातात तेवढे पैसे कमी येतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातले (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपया खात्यातले) पैसे असतील तर सीएचा दाखला लागेल आणि तिथल्या बँक शाखेतला साहेब रजेवर असेल. महिनाभर आधी सुरुवात करा.

व्हीव्हीई: तुमची फाईल चोख, इमारतीची नाही

फ्लॅट घेतला की त्या इमारतीच्या मालकसंघाचे, व्हीव्हीईचे, तुम्ही आपोआप सदस्य होता. आपल्या सोसायटीसारखाच, भांडणांसकट. फरक इतकाच की इथे बँक या संघाची प्रकृती तपासते. विक्रेत्याच्या एजंटकडून हे मागा: स्प्लिट्सिंग्सआक्टे म्हणजे इमारतीच्या विभागणीचा दस्त, घरगुती नियमावली, गेल्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं, हिशेब, विमा पॉलिसी, कामेर फान कोपहांडेलची (व्यापार नोंदणी कार्यालयाची) नोंद आणि दीर्घकालीन देखभालीचा आराखडा. १ जानेवारी २०१८ पासून संघाने दर वर्षी एकतर त्या आराखड्यानुसार किंवा इमारतीच्या पुनर्बांधणी खर्चाच्या किमान अर्धा टक्का राखीव ठेवलाच पाहिजे.

तीन-चार फ्लॅटच्या इमारतीत हा संघ कागदावरच असतो. सभा नाहीत, वर्गणी नाही, खातं रिकामं. ‘शेजारी सगळे चांगले आहेत, गरज पडली की काढतो’ असं विक्रेता गोड हसून सांगतो. बँकेला हे चालेलच असं नाही. चाललं तरी छप्पर गळायला लागल्यावर त्याच चांगल्या शेजाऱ्यांकडून पैसे काढायचं काम तुमच्याकडे येतं.

इतिवृत्तं डचमध्ये असतात, भाषांतर करून पण वाचाच. छप्पर, गच्ची, बाहेरचा रंग, पाण्याचे पाईप यावर ‘पुढच्या सभेत निर्णय’ असं लिहिलं असेल तर तो निर्णय तुमच्या खिशातून होणार. चालू आणि मागच्या वर्षातल्या थकीत वर्गणीला जुना आणि नवा मालक दोघेही जबाबदार असतात, म्हणून नोटरी संघाकडून थकबाकीचा दाखला मागवतो. संघाचा खजिनदार सुट्टीवर गेला की हस्तांतरण लांबतं, हेही बघितलंय.

नियमावलीत दोन ओळी खास बघा. लाकडी किंवा लॅमिनेटच्या फरशीला आवाज कमी करण्याची अट, बरेचदा दहा डेसिबल. आणि सामायिक वायुवीजन नळीला मोटर असलेली चिमणी जोडायला मनाई. रोज फोडणी घालणाऱ्या घराला ही दुसरी ओळ पहिल्याच आठवड्यात भेटते, आणि निवांत वस्तीत शेजारी तक्रार तोंडी न करता थेट संघाला लिहून करतात.

१९९४ पूर्वीच्या इमारतीच्या करारात अ‍ॅस्बेस्टॉसचं आणि इमारतीच्या वयाचं कलम असणारच. घाबरू नका, पण तपासणी करून घ्या.

सहीनंतरच्या तारखा

तोंडी ‘घर तुमचं’ म्हटलं तरी लेखी करार होईपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं, विक्रेताही नाही. दोघांच्या सह्यांची प्रत तुमच्या हाती आली की दुसऱ्या दिवसापासून विचार बदलण्याचे तीन दिवस सुरू होतात. त्यातले किमान दोन दिवस शनिवार, रविवार किंवा सणाचे नसावेत. शुक्रवारी प्रत मिळाली तर मुदत मंगळवारी मध्यरात्री संपते. या काळात कारण न देता मागे फिरता येतं.

त्यानंतर मागे फिरायचं तर करारात अट हवी. कर्ज न मिळाल्यास करार रद्द करण्याची अट बोलीतच लिहा. एजंट ‘ती काढली तर तुमची बोली वर येईल’ म्हणेल, त्याचं बरोबरही असेल, पण परवान्यावर तारीख असलेल्या माणसाने ती काढू नये. बँकेने नकार दिला की करार आपोआप रद्द होतो, असं फार जणांना वाटतं. तसं होत नाही. करारातल्या तारखेच्या आत, लेखी, नकारपत्र जोडून तुम्हीच रद्द केला पाहिजे. एक नकार पुरेल की दोन लागतील तेही करारात असतं. तारीख गेली की दंड बहुधा दहा टक्के, ३,६०,००० वर ३६,०००. बँक उशीर करते आहे असं दिसलं तर मुदत संपायच्या आत मुदतवाढ मागा, आणि विक्रेत्याचं उत्तर लेखी घ्या. दहा टक्क्यांची अनामत किंवा बँकहमी देण्याची तारीख वेगळी असते, तीही लिहून ठेवा.

नोटरी

हा कोर्टाबाहेरचा शिक्केवाला नोटरी नाही. घर तुमच्या नावावर तोच करतो आणि कादास्टरला, म्हणजे मालमत्ता नोंदणी कार्यालयात, नोंदवतो. डच येत नसेल तर अधिकृत दुभाषा लागतो, त्याची वेळ आधी ठरवा. भारतात लग्न झालेलं असेल तर विवाहाची नोंद आणि तुमचं नाव नगरपालिकेत आणि पासपोर्टवर सारखंच आहे ना ते बघा. मधलं वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, यावर इथे दिवस जातात.

दोघांच्या नावावर घर असेल तर हस्तांतरणाच्या आठवड्यात एकाने दिवाळीला गावी जाऊ नये. कर्जाच्या दस्तासाठी साधं मुखत्यारपत्र चालत नाही, नोटरीपुढे केलेलं लागतं, आणि ते भारतातून करून पाठवणं म्हणजे दिवाळी तिथेच संपते. त्या दिवशी सकाळी घराची शेवटची पाहणी करा, तळघरातली खोलीही उघडून बघा. राहायला गेल्यापासून पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता बदला. आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार असेल तर बँकेची परवानगी लागते, शिवाय अनेक शहरांत पहिली चार वर्षं तशी बंदीच असते. घर घेण्याआधी हे नगरपालिकेच्या साइटवर बघा.